पहिला ब्रेक थंड असतो

[दृश्य: तिन्हीसांजेचा ट्रॅक. वळणाआधी ब्रेक मारणारी गाडी, कॅमेरा पुढच्या चाकावर.]

चाकाच्या आऱ्यांमधून लाल कडं दिसतंय. ते मागच्या दिव्याचं प्रतिबिंब नाही, तो ब्रेकच्या डिस्कचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीचा, स्वतःचा उजेड आहे. लोखंड तापत तापत साधारण ५२५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की अंधारात मंद लाल दिसू लागतं. त्यामुळे थर्मामीटर न लावताही एवढं नक्की सांगता येतं, की वळणाच्या तोंडाशी ही डिस्क सव्वापाचशेच्या पुढे गेली आहे.

गाडीचं वजन १४०० किलो. सरळ पट्ट्याच्या टोकाला वेग ताशी २०० किलोमीटर, वळणात शिरताना ८०. मध्ये मिळतात जेमतेम साडेतीन सेकंद. तेवढ्यात जी ऊर्जा गाडीतून काढून घ्यावी लागते, तिच्यावर पावणेसहा लिटर पाणी उकळेल. थोडा वाटा हवा घेते, थोडा टायर घेतात. बाकी सगळं चार डिस्क आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या आठ पॅडच्या अंगावर येतं. त्यातही पुढच्या चाकांवर जास्त, कारण ब्रेक लागला की गाडी नाकावर येते. लगेच पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. वीस मिनिटं हेच चालतं.

[दृश्य: त्याच दिवसाची सकाळ. गाडी गेटमधून बाहेर येते.]

आता हीच गाडी सकाळी. इंजिन अजून पुरतं गरम झालेलं नाही. डिस्कवर रोखलेल्या, लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड गनवर आकडा दिसतो ३१. रस्त्यावर दिवसभर चालवली तरी ही डिस्क बहुतेक वेळ दोनशेच्या आतच राहील.

पॅड निवडायचा तो या दोन आकड्यांच्या मधून. पण पाकिटावर मिरवतो फक्त वरचा आकडा. सातशे अंश, आठशे अंश. ट्रॅकवर नव्याने येणारे बहुतेक जणही तोच विचारतात. एकतीस अंशांना हा पॅड काय करतो, हे विचारणारा क्वचित भेटतो. ही फिल्म त्या प्रश्नासाठी केली आहे.

[दृश्य: कारखाना. मिक्सर, तराजू, गरम प्रेस.]

मिक्सरमध्ये फिरणारी ही करडी भुकटी म्हणजे उद्याचा पॅड. जवळून बघा. चमकतेय ती पोलादाची बारीक लोकर. पिवळे तंतू अरामिडचे. काळं ग्रॅफाइट, पांढरं बेरियम सल्फेट, आणि दिसणार नाहीत इतके बारीक कठीण कण, जे डिस्क किंचित घासून साफ ठेवतात. ही तपकिरी पूड काजूच्या टरफलातल्या तेलाची आहे. ते तेल कडक करायचं आणि दळायचं. रस्त्यावरच्या पॅडचा ब्रेक मऊ लागतो आणि किंचाळत नाही, त्यात या पुडीचा मोठा हात असतो. मात्र तापमान चढलं की मिश्रणात लवकर जळणाऱ्या गोष्टींपैकी हीच एक.

या सगळ्याला धरून ठेवतं फिनॉलिक रेझिन, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणारी राळ. मिश्रण ग्रॅमवर तोलून साच्यात पडतं, त्यावर गोंद लावलेली पोलादी पाटी बसते आणि प्रेस खाली येतो. आत तापमान दीडशे अंशांच्या आसपास. प्रेस मध्येच क्षणभर वर उचलला जातो, ते पाहिलंत? रेझिन शिजताना वायू सुटतो, त्याला वाट दिली जाते. तो आत अडकला तर पॅड फुगतो, तडकतो. प्रेसमधून निघालेले पॅड काही तास भट्टीत राहतात, मग घासून सपाट होतात, मधोमध खाच पडते, कडा तिरक्या कापल्या जातात. या तिरक्या कडा शोभेच्या नाहीत, त्यांच्यामुळे आवाज कमी होतो.

हे इतक्या सावकाश दाखवण्याचं कारण आहे. पॅड म्हणजे लोखंडाचा तुकडा नव्हे, ती पाककृती आहे. एक जिन्नस वाढवला की दुसरं काहीतरी हातचं जातं. धातू जास्त घातला तर उष्णता सोसते, पण डिस्क झिजते आणि ती उष्णता मागे पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडेही लवकर पोचते. सेंद्रिय जिन्नस जास्त घातले तर थंडीत छान धरतो, शांत राहतो, पण तापला की हात टेकतो. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे पॅड चाकं स्वच्छ ठेवतात. ती सोय चांगली आहे, पण सिरॅमिक हा शब्द वाचून पॅड ट्रॅकचा आहे असं समजू नये.

[दृश्य: संग्रहालय. जुन्या गाड्यांचे लाकडी आणि चामड्याचे ब्रेक.]

ही पाककृती सुरू झाली चामड्यापासून. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाल्या. सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा वाटेत जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी पाहिलं, की उतारावर शेतकरी गाडीच्या चाकाला जुने बूट लावून वेग आवरतात. त्यावर प्रयोग करत त्यांनी १८९७ मध्ये ब्रेक लायनिंगचा, म्हणजे ब्रेकला लावायच्या अस्तराचा, धंदा उभारला. फ्रूड या आडनावाच्या अक्षरांची उलटापालट आणि पत्नी एलिझाबेथ यांच्या नावातलं एक अक्षर, असं मिळून फेरोडो हे नाव झालं. लवकरच चामडं आणि कापड जाऊन ॲस्बेस्टॉस आलं, आणि उष्णतेचा प्रश्न कित्येक दशकांपुरता सुटला. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि पॅडला आजची सपाट जागा मिळाली. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने माणसं मेली. ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं.

[दृश्य: चाचणी यंत्र. फिरणारी डिस्क, पडद्यावर चढत्या रेषा.]

आता पडद्यावरच्या रेषा बघा. आडव्या बाजूला तापमान, उभ्या बाजूला घर्षणांक, म्हणजे पॅड किती धरतो तो आकडा. निळी रेषा रस्त्याच्या पॅडची. डावीकडे, थंडीत, ती वर आहे. तीनशेच्या पुढे झुकायला लागते, आणि चारशेनंतर कड्यावरून दगड सुटावा तशी खाली येते. लाल रेषा शर्यतीच्या पॅडची. ती डावीकडे खालून निघते, दोनशेच्या आसपास वर येते आणि मग सहाशेपर्यंत जवळपास सपाट जाते.

लाल रेषेचं कौतुक सगळे करतात, आणि ती आहेच देखणी. पण तिचं डावं टोक पुन्हा बघा. सकाळच्या गेटपाशी गाडी त्या टोकावर उभी असते. लहान मूल चेंडूमागे रस्त्यावर येतं, तेव्हाही गाडी त्याच टोकावर असते.

काही शर्यतीचे पॅड थंड असतानाही बऱ्यापैकी धरतात, हे खरं. त्यांची दुसरी गोष्ट वाईट आहे. गरम असताना पॅडच्या सामग्रीचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि घर्षण त्या थरावर होतं. थंड असताना तो थर टिकत नाही, पॅड सरळ लोखंड खरवडतो. महिनाभर असा पॅड लावून ऑफिसला ये-जा केली, तर डिस्कवर बोट फिरवताच कडेचा कंगोरा लागतो. आणि हा आवाज ऐका.

[दृश्य: सिग्नलला थांबणारी गाडी. मूळ ध्वनी, पाच सेकंद.]

पॅडच्या कडेवर छापलेल्या दोन अक्षरांबद्दलही सांगायला हवं. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या पद्धतीत पहिलं अक्षर कमी तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं जास्त तापमानातल्या. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर ०.५५ पर्यंत. माहिती उपयोगी आहे, पण चाचणी होते इंचभर चौरस तुकड्यावर, आणि तीही साडेतीनशे अंशांच्या आत संपते. ट्रॅकचं खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं. म्हणून अक्षरांपेक्षा कंपनीकडून ती रेषा मागावी. देत नसतील तर दुसरी कंपनी बघावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. युरोपात बदली पॅडसाठी आर ९० नावाचा नियम आहे, त्यानुसार पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के आत-बाहेर असावी लागते. शर्यतीच्या कित्येक पॅडवर ती मोहोर नसते.

एक समज इथेच दूर करतो. महागडा पॅड लावला की गाडी कमी अंतरात थांबेल, असं वाटतं. पहिल्या ब्रेकला तसं होत नाही. मूळ पॅड जर चाक अडवण्याइतकं, एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) जागं करण्याइतकं धरत असेल, तर थांबण्याचं अंतर टायर ठरवतात. चांगला पॅड लावायचा तो दहाव्या ब्रेकसाठी, तोही पहिल्यासारखा लागावा म्हणून. दुसरी मिळकत पायाला कळते: पेडल थोडं सोडलं की ब्रेक तेवढाच सुटणं. वळणात शिरताना पाय हळूहळू उचलायचा असतो, तेव्हा चिकटून बसणारा पॅड गाडी बिघडवतो. चालक या गुणाला रिलीज म्हणतात आणि अनुभवी माणसं बाइटच्या, म्हणजे ब्रेक पहिल्यांदा किती जोरात धरतो त्याच्या, आधी त्याबद्दल विचारतात.

[दृश्य: पिट, ट्रॅकलगतची दुरुस्तीची जागा. चाक उतरलेलं, मेकॅनिक पॅड धरणारा कॅलिपर उघडतो.]

डिस्कच्या कडेवर हे तीन रंगांचे पट्टे आहेत. हिरवा ४३० अंशांना रंग बदलतो, केशरी ५६० ला, लाल ६१० ला. फेऱ्या मारून आल्यावर कडा बघायची. हिरवा पांढरा पडलाय, केशरीही गेलाय, लाल शाबूत आहे. म्हणजे डिस्क ५६० च्या वर गेली, ६१० ला पोचली नाही. पिटमध्ये आल्यावर गनने मोजलेला आकडा कमी दिसतो, कारण येईपर्यंत डिस्क निवलेली असते. रंग खरं तेच सांगतो. पॅड विकत घेण्याआधी स्वतःच्या गाडीची ही एक नोंद हाती असली, तर निम्मा गोंधळ मिटतो. हलकी गाडी, छोटा ट्रॅक, चारशेचा आकडा असेल तर दोन्हीकडे चालणारा मधला पॅड खरोखर पुरतो. या गाडीला तो पुरणार नाही.

म्हणून मेकॅनिकच्या हातात दुसरा जोड आहे. सकाळी गाडी रस्त्याच्या पॅडवर आली, इथे ट्रॅकचे पॅड चढले. तो काढलेल्या पॅडवर खडूने लिहितोय: डावा आतला, डावा बाहेरचा. पॅड ज्या जागी झिजला, त्याच जागी परत गेला पाहिजे. डिस्कही पॅडबरोबर बदलली, कारण एका मिश्रणाचा थर दुसऱ्या मिश्रणाला मानवत नाही. पुढचे बदलले तसे मागचेही, नाहीतर पुढचा-मागचा तोल जातो. जास्त धरणारे पॅड फक्त मागे लावणं तर सरळ धोक्याचं, मागची चाकं आधी अडतील आणि गाडी फिरेल.

[दृश्य: नवे पॅड बसवून घेण्याच्या फेऱ्या. चाकातून निघणारा धूर.]

हा धूर बघून घाबरू नका. नव्या पॅडमधलं रेझिन पहिल्यांदा तापतंय आणि वायू सुटतोय. ताशी शंभरवरून पंधरापर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, मध्यम जोराने, आणि एकदाही गाडी पूर्ण थांबवायची नाही. कंपनीचा आकडा वेगळा असेल तर कंपनीचं ऐकायचं. मग दोन-तीन फेऱ्या ब्रेकला हात न लावता. गरम पॅड डिस्कवर दाबून उभा राहिला, तर त्याचा ठसा तिथे उमटतो, आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावर थर असमान बसलेला असतो. फेऱ्या संपवून आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तोही याचसाठी.

[दृश्य: ब्रेक ऑइलची पारदर्शक नळी, वर येणारे बुडबुडे.]

पायाचा जोर पॅडपर्यंत नेणारं हे ऑइल नीट नसेल तर वरचं सगळं वाया जातं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावर ती हमी १५५ वर येते. पॅड सहाशे सोसतो आणि त्याच्या पाठीशी उभं असलेलं ऑइल उकळतं. पॅड हरला किंवा ऑइल उकळलं, दोन्ही वेळा गाडी थांबत नाही, पण पायाला फरक कळतो. पॅडने हात टेकले तर पेडल दगडासारखं कडक राहतं. ऑइल उकळलं तर पेडल जमिनीपर्यंत खाली जातं. पॅड अर्ध्यावर झिजला की ट्रॅकसाठी बदलावा, तोही याचमुळे: पातळ पॅडमागे उष्णता पिस्टनपर्यंत लवकर पोचते.

[दृश्य: रात्र. पिटमधले दिवे. गाडी जॅकवर.]

शेवटच्या फेऱ्या संपल्या. डिस्क तासभर निवू दिली. खडूने खुणा केलेले चार पुढचे पॅड, चार मागचे, आपापल्या जागी परत चालले आहेत. ट्रॅकचे पॅड आणि डिस्क कापडात गुंडाळून डिकीत. पेडल पाच-सहा वेळा दाबून मेकॅनिकने पिस्टन पुढे घेतले, चाकं टॉर्क रेंचने आवळली, आणि हाताने खूण केली.

गाडी गेटकडे निघते. रस्त्याला लागण्याआधी चालक पाय ठेवतो.

[मूळ ध्वनी: टायरखालची खडी. ब्रेकचा आवाज नाही. गनवर आकडा: २८.]