गुळवेल कुठली, किती आणि कोणाला?

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, 'वनस्पतिजन्य पूरक आहार आणि संशोधन'. पण मी अश्वगंधेपासून शतावरीपर्यंत सगळ्यांची हजेरी घेत बसणार नाही. मुख्यतः गुळवेलीबद्दल बोलेन, कारण तिच्या दोन गोष्टी या मुंबईतच घडल्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

पहिली परळची. 1993 साली केईएम रुग्णालयातल्या डॉ. निर्मला रेगे, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या शल्यचिकित्सक सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेले 30 रुग्ण होते. अशा रुग्णांचं ऑपरेशन करण्याआधी नळी घालून पित्त बाहेर काढत, पण जंतुसंसर्ग होऊन पुष्कळ जण दगावत. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार अधिक गुळवेल, किलोमागे रोज 16 मिलिग्रॅम. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेलीच्या गटात एकाही नाही. ऑपरेशननंतर वाचलेल्यांचं प्रमाण 40 टक्के विरुद्ध 92.4 टक्के.

आकडा ऐकून कोणीही हुरळून जाईल. पण त्याच निबंधातलं एक वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं: यकृताचं काम दोन्ही गटांत सारखंच राहिलं. म्हणजे गुळवेलीने कावीळ बरी केली नव्हती. फरक पडला तो पांढऱ्या पेशींमध्ये. जंतू गिळून मारण्याची त्यांची ताकद फक्त गुळवेल घेतलेल्यांमध्ये पूर्ववत झाली. अर्थात रुग्ण तीसच, रुग्णालय एकच. तरी प्रश्न नेमका विचारला होता, म्हणून उत्तरही नेमकं आलं.

आता दुसरी गोष्ट. कोविडचं पहिलं वर्ष आठवा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवा काढा. गुळवेल तर घराघरांत उकळत होती. कोणी मोजून, कोणी मूठभर, कोणी वर आणखी गोळ्या. 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. हिपॅटायटिसच्या नेहमीच्या विषाणूंचा पत्ता नाही, आणि सहाही जण गुळवेल घेणारे. 2021मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि वाद पेटला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, होती हे आधी सिद्ध करा; तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यकृताला बाधते. आक्षेप अगदी रास्त होता. पण प्रकरण तिथे थांबलं नाही. पुढे देशभरातल्या 13 केंद्रांनी 43 रुग्णांची नोंद एकत्र केली. अनेकांमध्ये 'ऑटोइम्यून' खुणा सापडल्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या. काहींना हा आजार आधीपासून आतल्या आत असावा आणि गुळवेलीने तो उघडा पाडला, असा निष्कर्ष त्या डॉक्टरांनी काढला.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. परळच्या रुग्णांच्या थकलेल्या पेशींना गुळवेलीने हुशारी आणली. ज्याच्या पेशी मुळातच घरच्यांवर हात उगारायला टपलेल्या आहेत, त्याला तीच हुशारी महागात पडू शकते. हा तर्क आहे, त्यावर शिक्कामोर्तब झालेलं नाही. पण 'इम्युनिटी वाढवते' हे वाक्य बाटलीवर वाचून तुम्ही खूश होता ना, त्यात कोणाची इम्युनिटी आणि कशासाठी, एवढं तरी विचारा.

आता बाटलीत काय असतं ते बघू. खोडाचा काढा, गुळवेल सत्त्व आणि गोळीतला अर्क या तीन वेगळ्या वस्तू आहेत. खोड ठेचून, पाण्यात कालवून, गाळून जो पांढरा साका खाली बसतो ते सत्त्व, आणि ते बहुतांशी स्टार्च असतं. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर त्यात काय उतरतं ते ठरतं. त्यामुळे अर्काच्या अभ्यासाचा दाखला देऊन कोणी सत्त्व विकत असेल, तर तो दाखला त्या मालाचा नव्हे.

हे तपासायला प्रयोगशाळेत एक देखणी पद्धत आहे, एचपीटीएलसी. हळदीचं उदाहरण घेतो. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीच्या तळाशी अर्काची बारीक रेघ ओढायची, पट्टी द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढत जातो आणि बरोबर घटकांना आपापल्या जागी सोडत जातो. हळदीचे तीन पिवळे पट्टे सुटे होतात, कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं. अतिनील दिव्याखाली ते चमकतात. शेजारी खात्रीच्या नमुन्याची रेघ असली की भेसळ डोळ्यांना दिसते. डीएनए तपासणीचा बोलबाला जास्त आहे, पण अर्क काढताना डीएनए बरेचदा टिकतच नाही, तेव्हा तिथे ती फसवते.

हळदीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. कॅप्सूलवर '95 टक्के' छापलेलं असतं. आजी हळद खायची आणि ठणठणीत होती, हा पुरावा कॅप्सूलला लागू होत नाही. शिवाय नुसतं कर्क्युमिन रक्तात उतरतच नाही म्हणावं इतकं कमी उतरतं. 1998 साली बंगळूरुच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरीन 20 मिलिग्रॅम दिलं आणि रक्तातलं शोषण 2000 टक्क्यांनी वाढलं. हा आकडा जाहिरातीत झळकतो. मुळात रक्तात जवळपास काही नव्हतं, हे मात्र कोणी छापत नाही. आणि पायपरीन काही फक्त कर्क्युमिनला वाट करून देत नाही. फिटच्या आजारावरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल यांचंही रक्तातलं प्रमाण ते वाढवतं.

मघाशी एका काकांनी चहाच्या वेळी मला गाठलं. 'म्हणजे आपली औषधं खोटी का?' मुळीच नाही. सर्पगंधा घ्या. 1949 साली केईएमच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांचे रक्तदाब मोजून सर्पगंधेचा अहवाल ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. जगाचे डोळे त्याने उघडले. 1952मध्ये तिच्यातून रेसर्पिन हा रक्तदाब उतरवणारा घटक वेगळा काढला गेला, 1957मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला, वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला मोठा मान. पुढे रेसर्पिनने काही रुग्णांना नैराश्य येतं हेही नोंदवलं गेलं. ज्याचा गुण येतो, त्याचा अवगुणही येऊ शकतो. मुळीच अपाय न करणारं औषध बहुधा उपायही करत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, फार रंजक नाही. एकच वनस्पती आयुर्वेदिक औषध म्हणून एका परवान्यावर विकली जाते आणि हेल्थ सप्लिमेंट म्हणून एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, परवान्यावर. घरी गेल्यावर सप्लिमेंटची बाटली उलटी करा. पुढे सळसळत्या पानांचं चित्र असतं. मागे 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, बहुतेकदा वाचायला चष्मा लागेल इतकी बारीक. अश्वगंधा असेल तर मूळ वापरलंय की पान तेही बघा. पानं वापरू नका, असं 2021मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना सांगावं लागलं.

आणि डॉक्टर विचारतात, 'कुठली औषधं चालू आहेत?' तेव्हा आपण बीपीची सांगतो, शुगरची सांगतो. काढा सांगत नाही, कारण आपल्या लेखी ते औषधच नसतं. सांगा. ऑपरेशनच्या आधी तर नक्कीच, आणि शक्यतो बाटलीच घेऊन जा, नाव आठवत बसू नका. काही त्रास झाला तर त्याची नोंद करणारी केंद्रं आहेत, परळला केईएममध्येही आहे. तिथे बॅच नंबर लागतो, म्हणून रिकामी बाटली फेकू नका. चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.