पेठेत लागोपाठ तीन माती झाल्या की

नमस्कार मंडळी. पेठेत एका महिन्यात तीन माती झाल्या की कट्ट्यावर चौथीचा विषय निघतोच. "पंचक लागलंय, अजून दोघं जाणार," असं कुणीतरी जुनं माणूस म्हणतं आणि ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय त्यांच्या पोटात गोळा येतो. मृत्यू खरंच जोडीजोडीनं येतात का, ते आज जरा तपासून बघू.

पंचकापासूनच सुरुवात करतो. पंचांग उघडा. धनिष्ठेचा उत्तरार्ध, शततारका, पूर्वाभाद्रपदा, उत्तराभाद्रपदा आणि रेवती, या साडेचार नक्षत्रांतून चंद्र जातो तो काळ पंचकाचा. त्यात कुणी गेलं की पाठोपाठ आणखी माणसं जाऊन पाच भरतात, असा समज. नक्षत्रं एकूण २७. म्हणजे दर सहा दिवसांतला एक दिवस पंचकात येतो, आणि कोल्हापुरातल्या साधारण दर सहा मयतांतली एक पंचकातली असते. एवढ्या सगळ्यांच्या मागोमाग माणसं जाऊन पाच-पाच भरले असते, तर हे कट्ट्यावर कुजबुजून सांगायची वेळच आली नसती. ज्या पंचकानंतर काहीच झालं नाही ते विसरलं जातं, इतकंच. पुतळ्या करून शांती करणाऱ्या घराला मी नावं ठेवत नाही. त्या घडीला माणसाला काहीतरी हातानं करायला हवं असतं.

आता थोडा हिशेब. दोन हजार वस्तीचा भाग धरा. हजारी सहा मृत्यू धरले तर वर्षाला १२. महिन्याला एक, असं आपण मनात धरून चालतो. पण हे १२ मृत्यू निव्वळ योगायोगानं बारा महिन्यांत नेमके एकेक वाटले जाण्याची शक्यता सुमारे १८,६०० त एक इतकी आहे! सरासरीनं वर्षातले चार महिने रिकामे जातात आणि त्यांचा भार उरलेल्या महिन्यांवर पडतो. तीन किंवा त्याहून जास्त मृत्यूंचा निदान एखादा महिना तर दर तीन वर्षांतल्या दोन वर्षांत येणारच. त्यासाठी ना ग्रह लागतात, ना कुणाची दृष्ट. उलट एखाद्या गल्लीत वर्षभर महिन्याला बरोबर एकच मयत होऊ लागली, तर मला जास्त भीती वाटेल.

हे फक्त कागदावरचं गणित नव्हे. १८९८ मध्ये बोर्टकेविच या अभ्यासकानं प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेनं दगावलेल्या सैनिकांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यातल्या दहा तुकड्यांची वीस वर्षं घेतली, तर नोंदी २०० होतात आणि मृत्यू १२२. १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीन नोंदींत तीन आणि एका नोंदीत चक्क चार. ज्या तुकडीत वर्षाला चार गेले तिथल्या शिपायांनी काय काय बोलून घेतलं असेल, त्याची कल्पना करा. पण पॉइसाँ या फ्रेंच गणितज्ञाचं सूत्र लावलं की निव्वळ योगायोगानं अपेक्षित आकडे जवळपास हेच येतात.

आपण मोजतो कसं, तेही बघण्यासारखं आहे. पहिली मयत शेजारची. दुसरी मागच्या बोळातली. तिसरी मिळेना, की गडहिंग्लजच्या मेव्हण्याचे सासरे धरले जातात. तीन भरले की मोजणी बंद! शिवाय चौकातले श्रद्धांजलीचे फलक आणि मोबाइलवरचे ग्रुप यांमुळे पूर्वी आठवड्यानं कळणारी बातमी आता तासाभरात येते. पंचगंगा स्मशानभूमीत पुराचं पाणी शिरलं की अंत्यविधी कदमवाडी, कसबा बावडा, बापट कँपकडे वळतात. त्या रस्त्यावर राहणाऱ्याला वाटणार, यंदा माणसं फार जायला लागलीत.

तरीही सगळं योगायोगावर ढकलून मोकळं होऊ नका. काही वेळा मृत्यूंमागे खरोखरच एक धागा असतो. आपल्याच जिल्ह्यात २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई होता तो. तिथं पंचकाची शांती करून काय उपयोग? पाणी तपासायला हवं होतं. म्हणून लागोपाठ मयती झाल्या की किती जण गेले यापेक्षा कशानं गेले ते आधी विचारावं. एक हृदयविकारानं, एक अपघातात, एक नव्वदी गाठून, तर गोष्ट संपली. तिघांनाही उलट्या-जुलाब किंवा कावीळ होती, तर त्याच दिवशी महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते ती नुसती दाखल्यासाठी नव्हे. डॉक्टरांनी लिहिलेलं कारण तिथं जमा होतं, आणि असा धागा तिथंच सापडू शकतो.

दुसरा धागा घरातलाच. "ती गेली आणि महिन्याभरात आण्णाही गेले," हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. १९६९ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघाला. त्यांत हृदयाच्या आजारांनी गेलेले बरेच. पुढं हा फरक हळूहळू ओसरला. दुःखाचा शरीरावर ताण येतो हे खरं, पण जेवण, झोप आणि औषधं यांची घडी विस्कटते हेही तितकंच खरं. आपल्याकडं तेराव्यापर्यंत घर पाव्हण्यांनी भरलेलं असतं. नंतर आण्णा एकटे. चाळीस वर्षं रक्तदाबाची गोळी हातावर ठेवणारी गेलेली असते, आणि सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली, हे आण्णांना ठाऊक नसतं. लेकीनं, सुनेनं, नाहीतर शेजारच्यांनी डॉक्टरांची औषधांची चिठ्ठी रक्षाविसर्जनाच्या दिवशीच मागून घ्यावी, आणि पहिले सहा महिने आठवड्यातून एकदा तरी गोळ्यांची डबी उघडून बघावी.

नमस्कार.