हळदीची पुडी आणि लोणारचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

भाऊबीज उरकली की घरातली लेकरं विचारायला लागतात, आता कुठं जायचं? शाळा उघडायला अजून आठ-दहा दिवस असतात. इकडं शेतात कापूस वेचणीला आलेला असतो, माणसं मिळत नाहीत, आणि घरातल्या मोठ्यांना एक दिवस मोकळा काढणंही जड जातं. मी आज त्या एका दिवसाबद्दलच बोलणार आहे. सगळं घर एका गाडीत बसवायचं, पहाटे निघायचं, एक जागा बघायची आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकायला घरी यायचं. एक दिवस, एक जागा. हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कारण एका दिवसात पाच ठिकाणं करायची आपल्याकडं फार हौस आहे. देऊळ, धरण, लेणी, किल्ला आणि जाता जाता धबधबा! लेकराला संध्याकाळी विचारा काय बघितलं, तर ते गाडीतल्या सीटचा रंग सांगतं.

आणि जायचं ते दिवाळीच्या सुट्टीत. मे महिन्यात मराठवाड्याचा दगड तापतो, झऱ्यांचं पाणी आटतं आणि झाडं निष्पर्ण होतात. दिवाळीत डोंगरावर गवत असतं, ओढे वाहते असतात, सीताफळं डोळे उघडून बसलेली असतात. मे महिना आजोळी आंबे खाण्यासाठी आहे, गाडीत बसण्यासाठी नाही. हे माझं ठाम मत आहे.

आता लोणारची गोष्ट सांगतो.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात. पण आम्हा परभणी-जालन्याच्या लोकांना ते घरचंच वाटतं. परभणीहून जिंतूर, तिथून मंठा आणि मग लोणार. साल १९८८. मी सातवीत होतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक जीप ठरवली होती. आम्ही घरची नऊ माणसं, दहावे ड्रायव्हरमामा. पहाटे चार वाजता आईनं आणि काकूनं दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर एका डब्यात उरलेल्या करंज्या. प्रवासाला दशमीसारखं दुसरं काही नाही. दुधात भिजवलेली ती दोन दिवस मऊ राहते, हाताला चिकटत नाही, आणि लेकरू चालत्या गाडीत खाऊ शकतं. हल्ली लोक घरून रिकाम्या हातानं निघतात आणि रस्त्यावर तासभर टेबल मिळायची वाट बघत बसतात. त्या तासात लेकरं डोंगर चढून आली असती.

तर आमची चुलत बहीण पाच वर्षांची होती. तिला गाडी लागायची. तिच्यासाठी आजीनं पदराच्या गाठीत दोन लिंबं बांधून घेतली होती. जिंतूरपर्यंत ते लेकरू लिंबू नाकाला धरून आजीच्या मांडीवर पडून होतं. आजीच्या पिशवीत देवीची ओटी होती. खण, नारळ, आणि कागदाच्या दोन पुड्या, एक हळदीची, एक कुंकवाची. लोणारच्या तळाशी कमळजा देवीचं देऊळ आहे, तिची ओटी भरायची होती. ओटी भरणार होती काकू. आजोबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि आजी हळदी-कुंकवाला हात लावत नसे. पुड्या बांधून द्यायच्या आणि बाजूला उभं राहायचं, अशी तिची सवय झाली होती.

विवराच्या काठावर पहिल्यांदा उभं राहिलो तेव्हा आम्ही लेकरं बोलायची थांबलो. सपाट रान चालू असतं, चालू असतं, आणि एकदम पायाखालची जमीन संपते. समोर वाटीसारखा गोल खड्डा. सव्वा किलोमीटर म्हणाल तर नाही, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद. उतारावर दाट झाडी आणि तळाला हिरवंगार, हलत नाही असं पाणी. मोर ओरडत होते. वरच्या धारेवर हात-पाय धुतले. ती धार गोड पाण्याची आहे, बारमाही वाहते, आणि तेच पाणी खाली जाऊन खाऱ्या तळ्याला मिळतं. मग पायऱ्या आणि पायवाट धरून उतरलो. खाली जाता जाता वास बदलत जातो. अंड्यासारखा, शेवाळासारखा उग्र वास. बहिणीनं पुन्हा लिंबू नाकाला धरलं.

देवळापाशी पोचलो. काकू नारळ काढत होती. आजी पाण्याच्या कडेला गेली, वाकून हात धुतले आणि म्हणाली, "पाणी कसं बुळबुळीत हाय बघा. हातच सुटंना." आणि ओल्या हातानंच तिनं पिशवीतली हळदीची पुडी काढली. कागद भिजला, फाटला, हळद तळहातावर सांडली.

आणि ती लाल झाली.

श्रोतेहो, पिवळीधमक हळद आमच्या डोळ्यांदेखत लाल झाली. पहिल्यांदा किंचाळली ती माझी बहीण. "आजीच्या हाताला रगत लागलं!" काकूच्या हातातला नारळ तसाच राहिला. आईनं आजीचा हात धरून उलटासुलटा बघितला, कुठं कापलं का. काकू हळूच म्हणाली, "देवीचं काही चुकलं का आपलं?" अण्णा शाळेत मराठी शिकवायचे, त्यांनाही काही सुचेना. गुराखी असावा, एक माणूस लांबून म्हणाला, देवी हळदीचं कुंकू करते.

आजी मात्र घाबरली नाही. तिनं तळहात नाकाजवळ नेला, दोन बोटांनी ती हळद चोळली, आणि थोडा वेळ गप्प राहिली. मग अण्णांकडं बघून म्हणाली, "तुझ्या धोतरावर वरण सांडलं म्हंजी मी साबण लावते. तवा डाग कसा होतो?"

अण्णा म्हणाले, "लाल होतो, बाई."

"मग? ह्या पाण्यात साबणाचा गुण हाय. म्हून तर बुळबुळीत लागायलंय."

माझी आजी एक दिवसही शाळेत गेली नव्हती. लोणारच्या काठावर उभं राहून, रोजच्या धुण्यातल्या एका डागावरून, तिनं त्या पाण्याची जात ओळखली. पुढं तिनं आणखी एक गोष्ट केली. पदराची गाठ सोडली, दुसरं लिंबू दाताखाली फोडलं आणि तळहातावर पिळलं. लिंबानं डाग निघतो एवढंच तिच्या मनात होतं. पण जिथं रस पडला तिथं लाल रंग मावळला आणि हळद पुन्हा पिवळी झाली. एकाच तळहातावर अर्धी लाल, अर्धी पिवळी!

मग आम्हाला कोण आवरतं? चिमूटभर हळद, पाण्याचा थेंब, लाल. लिंबाचा थेंब, पिवळी. पुन्हा पाणी, पुन्हा लाल. काकूनं ओटी भरली, तोवर आम्ही पुडी संपवत आणली होती. आणि तेवढ्यात माझ्या त्या पाच वर्षांच्या बहिणीनं लाल हळदीत बोट बुडवलं आणि खाली बसलेल्या आजीच्या कपाळावर टेकवलं.

आई "अगं, अगं" म्हणत पुढं आली. काकूनं मान फिरवली. बहीण म्हणाली, "कुंकू नाही काही, हळद आहे. आजीच म्हणाली ना, पाण्यात साबण आहे."

कुणी काही बोललं नाही. आजीच्या एका हातात अर्धं लिंबू होतं. एक थेंब लावला असता तर रंग गेला असता, हे तिला आता आमच्याइतकंच ठाऊक होतं. तिनं लिंबू पदरात बांधलं. चढ चढताना, वर झाडाखाली दशम्या खाताना, परतीच्या जीपमध्ये, तो टिळा तसाच होता. जिंतूरच्या पुढं अंधार पडला. घरी कंदिलाच्या उजेडात बघितलं तेव्हा वाळून तो पुन्हा पिवळट झाला होता. आजीनं चूळ भरली, तोंड धुतलं आणि झोपायला गेली. त्या टिळ्याबद्दल घरात पुन्हा कुणी विषय काढला नाही. मला मात्र तो आजही दिसतो.

पुढं विज्ञानाच्या तासाला हळदीचा कागद आला. आम्लात पिवळा, अल्कलीत लाल. मास्तरांनी विचारलं, आणि माझा हात सगळ्यांत आधी वर गेला.

या मागचं कारण थोडक्यात सांगतो. लोणारचं विवर आकाशातून आलेल्या अशनीच्या आघातानं झालं. आपला बहुतेक मराठवाडा ज्या काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे, त्याच लाव्हाच्या खडकात ते आहे, म्हणून पुष्कळ वर्षं लोकांना ते ज्वालामुखीचं तोंड वाटायचं. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२३ साली त्याची नोंद केली. पुढं तिथल्या दगडात प्रचंड आघातानंच तयार होते तशी काच सापडली आणि वाद मिटला. वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षं धरत, २०११ साली ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. पाणी खारं का? त्या वाटीत पाणी येतं, पावसाचं आणि झऱ्यांचं, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हानं उडून जातं, खार मागं राहतो. पाणी उडतं, खार राहतो. हजारो वर्षं हेच चाललंय. आपण पापडात घालतो त्या पापडखाराच्या जातीचाच हा खार. पूर्वी लोक तो गोळाही करायचे. २०२० च्या जूनमध्ये हे तळं गुलाबी झालं होतं, तेही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. म्हणून माझी विनंती आहे. हळद चिमूटभर आणि तळहातावरच. तळ्यात काही टाकायचं नाही, तळ्यातून काही न्यायचं नाही. ते अभयारण्य आहे, खाली उतरण्याआधी वनखात्याच्या माणसांना विचारायचं.

मराठवाड्यात अशा जागा प्रत्येक जिल्ह्याच्या हाताशी आहेत. नांदेडकरांना पैनगंगेवरचा सहस्रकुंडचा धबधबा. पाऊस सरता सरता जा, पण खडकाच्या कडेला लेकराचं मनगट सोडू नका, तो दगड निसरडा आहे. संभाजीनगर आणि बीडच्या मंडळींना पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचं तळं. जायकवाडी धरणाचे २७ दरवाजे सगळेच बघायला जातात. मी म्हणेन, दरवाजांकडं पाठ करा आणि वरच्या अंगाला उथळ पाण्याकडं जा. तळं पसरट आहे, पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात. चोच उलटी करून ते पाणी गाळून खातात. आपल्या घरच्या चाळणीसारखं. कन्नडजवळ गौताळ्याचं जंगल, पाटोद्याकडं नायगावचे मोर, धाराशिवकडं येडशीचं रामलिंग. यातली एकच. एक दिवस, एक जागा.

रस्त्याबद्दलही एक बोलायचं होतं. लेकराला खिडकीशी बसवा आणि मैलाचे दगड वाचायला लावा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग. पुढचं गाव किती, मागचं किती, बेरीज-वजाबाकी आपोआप होते. आमच्या वेळी त्या दगडांवर वडाची सावली असायची. रस्ते रुंद झाले, वड गेले. रस्ता रुंद व्हायलाच हवा होता, पण तोडलेल्या वडाच्या जागी कडेला वडच लावायला हवा होता, कण्हेर नाही. दुभाजकातल्या कण्हेरीखाली कुणाची बैलगाडी थांबणार आहे, कुणाची दशमी सोडली जाणार आहे? हे मी जिथं संधी मिळेल तिथं बोलतो.

ती माझी चुलत बहीण आता पुण्यात असते. गाडी तिला अजूनही लागते. गेल्या दिवाळीत ती आपल्या मुलीला आणि सासूबाईंना घेऊन लोणारला निघाली होती. आदल्या रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "दादा, हळद घेतली. लिंबं किती घेऊ?"

मी म्हटलं, "दोन. एक गाडीसाठी, एक तळ्यासाठी."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि आजीसारखं एक पदरात तसंच ठेवीन."

नमस्कार.