फ्लिंटच्या पाण्याचा निर्णय कोणी घेतला?

(दृश्य: फ्लिंट जलशुद्धीकरण केंद्राचा आतील भाग, 25 एप्रिल 2014 चे चित्रण)

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्या दिवशी अधिकारी आणि पत्रकार जमले आहेत. पडद्यावर दिसते आहे ते एक लहानसे काळे बटण. उलटी मोजणी पूर्ण होताच महापौर डेन वॉलिंग ते दाबतात. 1967 पासून डेट्रॉइटहून येत असलेले पाणी बंद होते आणि शहराच्या नळांना फ्लिंट नदीचे पाणी सुरू होते. मग पाण्याने भरलेले ग्लास उंचावले जातात आणि उपस्थित एकमेकांचे अभिनंदन करतात.

बटण महापौरांनी दाबले आणि या बदलाला त्यांचा जाहीर पाठिंबाही होता. परंतु त्या दिवशी फ्लिंटच्या महापौरांना पाण्याविषयी कोणताही निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार उरलेला नव्हता. नऊ प्रभागांतून निवडून आलेल्या सिटी कौन्सिलच्या नऊ सदस्यांनाही तो नव्हता. तो अधिकार डार्नेल अर्ली यांच्याकडे होता. अर्ली हे राज्य सरकारने नेमलेले इमर्जन्सी मॅनेजर, म्हणजे आपल्या परिचयाच्या शब्दात सांगायचे तर प्रशासक होते. फ्लिंटच्या विषारी पाण्याची बातमी पुढे जगभर गेली. पाणी विषारी होण्याच्या कितीतरी आधी या शहरातील मतदाराच्या हातून त्याचा कारभार कसा काढून घेतला गेला, हे सांगण्यासाठी ही फिल्म आहे.

(दृश्य: सॅगिनॉ स्ट्रीटवरील ‘व्हेइकल सिटी’ ही अक्षरे असलेली कमान)

डेट्रॉइटच्या वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले फ्लिंट हे मोटारींचे शहर. जनरल मोटर्स या कंपनीची स्थापना 1908 मध्ये येथेच झाली. 30 डिसेंबर 1936 रोजी येथील कामगारांनी कारखान्यांच्या आत ठाण मांडून संप सुरू केला, तो 44 दिवस चालला आणि त्याच्या शेवटी कंपनीला कामगार संघटनेला मान्यता द्यावी लागली. अमेरिकेतील कामगार चळवळीच्या इतिहासात या संपाला मानाचे स्थान आहे.

त्यानंतर तीस वर्षांनी घडलेली एक घटना फ्लिंटबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही, पण या शहराची राजकीय घडण समजून घ्यायची तर ती सांगितलीच पाहिजे. 1966 मध्ये फ्लॉइड मॅक्री हे या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. कृष्णवर्णीय कुटुंबांना घर विकण्यास किंवा भाड्याने देण्यास नकार देण्याची प्रथा मोडण्यासाठी त्यांनी कौन्सिलपुढे घरांच्या समान हक्काचा नियम आणला. 1967 च्या उन्हाळ्यात कौन्सिलने तो फेटाळला, तेव्हा मॅक्री यांनी निषेध म्हणून राजीनामा देण्याची घोषणा केली आणि नागरिकांनी सिटी हॉलच्या हिरवळीवर मुक्काम ठोकला. अखेर कौन्सिलने तो नियम मंजूर केला. विरोधकांनी मग सार्वमत घ्यायला लावले. फेब्रुवारी 1968 मध्ये झालेल्या त्या सार्वमतात, फेरमोजणीनंतर, नियम केवळ 30 मतांनी टिकला. घरांच्या समान हक्काला थेट मतदारांनी कौल देणारे फ्लिंट हे अमेरिकेतील पहिले शहर होते. एका मताला किती वजन असते, हे फ्लिंटच्या लोकांनी असे अनुभवले होते.

(दृश्य: सिटी हॉलचा घुमट आणि कौन्सिलचे सभागृह)

येथील महापौराची तुलना महाराष्ट्रातील महापौरांशी करून चालणार नाही. आपल्याकडे महापौर सभागृहाचे प्रमुख असतात आणि प्रत्यक्ष कारभार राज्याने पाठवलेले आयुक्त चालवतात. फ्लिंटमध्ये 1974 च्या सनदेपासून, म्हणजे शहराच्या कारभाराच्या मूळ नियमावलीपासून, महापौर थेट मतदारांकडून निवडला जातो आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. अंदाजपत्रक आणि मोठे करार यांसाठी त्याला कौन्सिलची मंजुरी लागते. कौन्सिलच्या सभेत नागरिक उभे राहून बोलतात, रागावतात, कधी ओरडतातही. ही पद्धत संथ आहे आणि गोंगाटाची आहे, पण कोणाला जाब विचारायचा हे तिच्यात प्रत्येकाला ठाऊक असते.

1960 मध्ये या शहराची लोकसंख्या 1,96,000 हून अधिक होती. 2010 च्या जनगणनेत ती 1,02,434 इतकी उरली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फ्लिंट परिसरात जनरल मोटर्सचे सुमारे 80,000 कामगार होते, ते दहा हजारांच्याही खाली आले. कारखाने बंद झाले, घरे ओस पडली आणि करांचे उत्पन्न आटले. दोन लाख माणसांसाठी टाकलेल्या जलवाहिन्या मात्र तेवढ्याच राहिल्या आणि त्यांचा खर्च मागे राहिलेल्यांच्या पाणीपट्टीवर पडला. त्यातच 2000 नंतर राज्य सरकारने शहरांना विक्रीकरातून मिळणाऱ्या वाट्यात मोठी कपात केली. शहराच्या तिजोरीतील तुटीचा विषय निघाला की स्थानिक नेत्यांच्या उधळपट्टीची चर्चा लगेच होते. त्यांच्या चुका होत्याच, परंतु राज्याने रोखलेल्या या वाट्याचा उल्लेख क्वचितच होतो.

2002 ते 2004 या काळात फ्लिंटचा कारभार राज्याने एकदा ताब्यात घेतला होता. 2011 मध्ये राज्यपाल रिक स्नायडर यांच्या सरकारने पब्लिक अॅक्ट 4 हा नवा कायदा आणला आणि प्रशासकाचे अधिकार प्रचंड वाढवले. कामगार संघटनांशी झालेले करार मोडणे, शहराची मालमत्ता विकणे, सेवांचे दर ठरवणे, हे सर्व तो कौन्सिलच्या ठरावाशिवाय करू शकत होता. 8 नोव्हेंबर 2011 रोजी फ्लिंटच्या मतदारांनी डेन वॉलिंग यांना महापौर म्हणून पुन्हा निवडून दिले आणि त्याच दिवशी राज्याच्या समितीने शहरात आर्थिक आणीबाणी असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. 1 डिसेंबरला पहिले प्रशासक मायकेल ब्राउन रुजू झाले. महापौर आणि कौन्सिल सदस्यांचे वेतन त्यांनी तोडले, वरिष्ठ अधिकाऱ्यांना घरी पाठवले आणि नागरिकांच्या तक्रारींची चौकशी करणारे लोकपालाचे कार्यालयही बंद केले. 2015 पर्यंत ब्राउन, एड कर्ट्झ, अर्ली आणि जेरी अॅम्ब्रोस असे चार जण या पदावर बसले. त्यांच्यापैकी एकालाही फ्लिंटच्या एकाही मतदाराने मत दिलेले नव्हते.

मुंबई, पुणे, नागपूर या महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपल्यानंतर तेथील कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे राहिला, हे या फिल्मच्या प्रेक्षकांना ठाऊक आहे. फ्लिंटचे प्रकरण त्याहून वेगळे आहे. येथे निवडणुका वेळेवर होत राहिल्या, माणसे निवडून येत राहिली, आणि निवडून आलेल्यांना कोणताही अधिकार नव्हता.

मिशिगनच्या मतदारांनी या कायद्याला विरोध केला नाही, असे कोणी म्हणू नये. राज्यभर सह्या गोळा करून लोकांनी पब्लिक अॅक्ट 4 वर सार्वमत घडवून आणले आणि 6 नोव्हेंबर 2012 रोजी बहुमताने तो कायदा रद्द केला. त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच डिसेंबर 2012 मध्ये विधिमंडळाने पब्लिक अॅक्ट 436 हा जवळपास तसाच कायदा मंजूर केला. शहरांपुढे काही पर्याय ठेवल्याचे त्यात म्हटले होते. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. कायद्याला खर्चाची एक तरतूद जोडण्यात आली होती, आणि ज्या कायद्यात सरकारी खर्चाची तरतूद असते त्यावर मिशिगनच्या राज्यघटनेनुसार सार्वमत मागता येत नाही. लोकांनी ज्या दारातून हा कायदा बाहेर काढला होता, ते दारच असे बंद करण्यात आले. राज्यभर ज्या शहरांवर प्रशासक नेमले गेले, त्यांतील बहुतेक शहरे कृष्णवर्णीय बहुसंख्य होती. एक काळ असा आला, की मिशिगनमधील जवळपास निम्मे कृष्णवर्णीय नागरिक निवडून न आलेल्या अधिकाऱ्यांच्या अमलाखाली राहत होते.

(दृश्य: ह्युरॉन सरोवराचा किनारा, जलवाहिनीसाठी खोदलेले चर)

पाण्याचा प्रश्न या पार्श्वभूमीवर आला. डेट्रॉइटचे पाणी महाग पडत होते, म्हणून शेजारच्या भागांबरोबर मिळून ह्युरॉन सरोवरापासून स्वतंत्र जलवाहिनी टाकण्याची ‘कारेग्नोंडी वॉटर अथॉरिटी’ ही योजना पुढे आली होती. 25 मार्च 2013 रोजी फ्लिंटच्या कौन्सिलने सात विरुद्ध एक अशा मतांनी त्या योजनेत सामील होण्यास पाठिंबा दिला. ‘शेवटी कौन्सिलनेच मत दिले होते’ असे पुढे राज्यातील अधिकारी सांगत राहिले, म्हणून या ठरावाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. कौन्सिलने मत दिले ते ह्युरॉन सरोवराच्या पाण्यासाठी. जलवाहिनी पूर्ण होईपर्यंत फ्लिंट नदीचे पाणी प्यायला द्यावे, असा ठराव कौन्सिलने कधीच केला नाही.

तो निर्णय प्रशासकांच्या सह्यांनी झाला. एप्रिल 2013 मध्ये डेट्रॉइटने करार संपवण्याची एका वर्षाची नोटीस दिली. जूनमध्ये कर्ट्झ यांच्या सहीने, जुने शुद्धीकरण केंद्र नदीच्या पाण्यासाठी सज्ज करण्याचे काम एका अभियांत्रिकी कंपनीला देण्यात आले. नवी वाहिनी तयार होईपर्यंत डेट्रॉइटचे पाणी घेत राहण्याचा मार्ग खुला होता. परंतु मार्च 2014 मध्ये अर्ली यांनी डेट्रॉइटला पत्राने कळवले की फ्लिंटचे स्वतःचे केंद्र वेळेत सुरू होईल आणि तसे झाल्यास डेट्रॉइटकडून पाणी घेण्याची गरज उरणार नाही. त्यानंतर महिनाभराने केंद्रातीलच एका जबाबदार अधिकाऱ्याने राज्याच्या पर्यावरण विभागाला लिहिले की येत्या काही आठवड्यांत येथून पाणी सोडले गेले तर ते आपल्या सूचनेविरुद्ध असेल. आठ दिवसांनी बटण दाबले गेले. डेट्रॉइटच्या पाण्यात असलेले, वाहिन्यांना गंजण्यापासून वाचवणारे फॉस्फेट नदीच्या पाण्यात घातलेच गेले नाही.

(दृश्य: नागरिकांच्या हातातील तांबूस पाण्याच्या बाटल्या, कौन्सिलच्या सभेतील गर्दी)

ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यासाठी हे पाणी घेणे थांबवले, कारण त्याने यंत्रांचे सुटे भाग गंजत होते. कंपनीला शेजारच्या गावाचे पाणी घेता आले. नागरिकांना तो पर्याय नव्हता, म्हणून ते बाटल्यांत आपल्या नळाचे पाणी भरून सिटी हॉलमध्ये आले. जानेवारी 2015 मध्ये डेट्रॉइटने पुन्हा जोडणी देण्याची तयारी दाखवली, पण प्रशासकाने ती नाकारली.

23 मार्च 2015 रोजी कौन्सिलने सात विरुद्ध एक मताने ठराव केला की नदीचे पाणी थांबवण्यासाठी जे जे करावे लागेल ते करावे. हीच माणसे नागरिकांच्या रोज समोर होती, त्यांच्याच दारात लोक बाटल्या घेऊन येत होते, आणि त्यांनी लोकप्रतिनिधी म्हणून जे करायचे ते केले. प्रशासक अॅम्ब्रोस यांनी हा ठराव आपल्या आकलनापलीकडचा असल्याचे जाहीर केले आणि तो अमलात आणला नाही. पुढच्याच महिन्यात ते पदावरून गेले. जाण्यापूर्वी त्यांनी राज्याकडून 70 लाख डॉलरचे कर्ज घेतले होते. राज्याच्या परवानगीशिवाय फ्लिंटला डेट्रॉइटच्या पाण्याकडे परतता येणार नाही, अशी त्याची अट होती. प्रशासक गेले, त्यांची अट मागे राहिली, आणि नळांना आणखी सहा महिने नदीचेच पाणी येत राहिले.

(दृश्य: बाटलीबंद पाण्याचे वाटप, रक्त तपासणीच्या रांगेतील मुले)

जुन्या नळजोडण्यांतील शिसे पाण्यात उतरले, मुलांच्या रक्तातील त्याचे प्रमाण वाढल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी सप्टेंबर 2015 मध्ये दाखवून दिले, याच काळात लीजनेअर्स या फुप्फुसांच्या जिवाणूजन्य रोगाने किमान 12 जण दगावले, आणि 16 ऑक्टोबर 2015 रोजी डेट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले.

राज्यपालांनी स्वतः नेमलेल्या चौकशी गटाने मार्च 2016 च्या अहवालात मुख्य जबाबदारी राज्य सरकारवरच ठेवली. प्रशासकांनी घेतलेल्या निर्णयांवर लोकांचे कोणतेही नियंत्रण नव्हते, हेही त्या अहवालाने नोंदवले. फौजदारी खटले वर्षानुवर्षे चालले आणि 2023 मध्ये कोणालाही तुरुंगवास न होता संपले.

(दृश्य: कौन्सिलचे सभागृह, 2017)

ऑगस्ट 2017 मध्ये फ्लिंटच्या मतदारांनी नवी सनद मंजूर केली आणि प्रशासकाने बंद केलेल्या लोकपालाच्या पदाला तिच्यात पुन्हा स्थान दिले. त्याच वर्षी कौन्सिलपुढे पाण्याचा दीर्घ मुदतीचा करार आला. यापुढे डेट्रॉइट परिसराची ‘ग्रेट लेक्स वॉटर अथॉरिटी’ शहराला 30 वर्षे पाणी पुरवणार होती. सदस्य प्रश्न विचारत राहिले, मुदत वाढवून मागत राहिले, दराची आकडेवारी पुन्हा तपासत राहिले. विलंबाला कंटाळून राज्य सरकार केंद्रीय न्यायालयात गेले आणि न्यायाधीशांनीही लवकर निर्णय घेण्यास बजावले. ज्या कौन्सिलच्या ठरावाला दोन वर्षांपूर्वी किंमत दिली गेली नव्हती, तिच्या मताखेरीज हा करार होणार नव्हता, म्हणून ती काही महिने घासाघीस करत होती. तो तिचा हक्क होता. 21 नोव्हेंबर 2017 रोजी कौन्सिलने मतदान करून करार मंजूर केला. राज्याने नेमलेले देखरेख मंडळ तेव्हाही अस्तित्वात होते; पूर्ण कारभार शहराच्या हाती परत येण्यासाठी एप्रिल 2018 उजाडावे लागले.