आधी वाचता येऊ द्या

(सोलापुरात पालक, शिक्षक आणि देणगीदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वाचनाच्या आणि वागणुकीच्या अडचणी असलेल्या मुलांसाठीच्या आमच्या शाळेत येणारे पाहुणे मुलांशी चार शब्द बोलतात आणि बाहेर आल्यावर हळूच विचारतात, "ही मुलं तर व्यवस्थित बोलतात. मग इथं कशी काय?" प्रश्न रास्त आहे. ही मुलं बुद्धीनं कमी नाहीत. काहींना अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगडच घालता येत नाही. काही भीतीनं किंवा रागानं इतकी भरलेली असतात की वर्गात बसणंच त्यांना जड जातं. आणि पुष्कळांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र असतात.

१८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी पर्सी या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहून ठेवलं. मुलगा चलाख होता. ७४९ गुणिले ८६७ हे गणित त्यानं झटकन आणि बरोबर सोडवलं, पण स्वतःचं नाव लिहिताना त्यानं अक्षरांची अदलाबदल केली. सगळं तोंडी शिकवलं असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ७ प्रकार होते, त्यांत अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित शिकायला अडणं, नव्हती. २०१६ च्या कायद्यानं प्रकार २१ केले, तेव्हा तिला जागा मिळाली. म्हणजे मधली १२० वर्षं आपल्याकडचे असे कितीतरी पर्सी 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसले आणि शाळा सोडून गेले.

आता वागणुकीकडे येतो, कारण आमच्याकडे पाठवताना कागदावर तेच लिहिलेलं असतं: मारामारी करतो, उलट बोलतो, पळून जातो. वर्गात एकेक मुलगा उभा राहून धडा वाचतोय. ज्याला वाचता येत नाही तो पुढची डोकी मोजत बसतो. आपली पाळी दोन मुलांवर आली की शेजाऱ्याला ढकलतो, त्याची वही फेकतो. बाई त्याला बाहेर उभं करतात. त्याची सुटका झाली! ती शिक्षा त्याला हवीच होती, म्हणून उद्या तो पुन्हा तेच करणार. 'ढ' म्हणवून घेण्यापेक्षा 'वाया गेलेला' म्हणवून घेणं तेरा-चौदा वर्षांच्या पोराला परवडतं. अशा मुलाला नुसतं समुपदेशन करून भागत नाही. त्याच्या रागाचं कारण त्या धड्यात आहे आणि तो धडा त्याला वाचता यायला हवा.

सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगारांच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. कुठं कन्नड असते, कुठं दखनी. तिथला मुलगा मराठी शाळेत 'माझा आई' म्हणाला किंवा वाचताना अडला, तर ती लगेच अध्ययन अक्षमता होत नाही. आमच्या बाई आधी त्याच्याशी तेलुगूत बोलतात. एकाच आवाजानं सुरू होणारे दोन शब्द सांग, या शब्दातला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरतं, असं विचारतात. हे त्याला घरच्या भाषेत सहज जमलं, तर बहुधा त्याला मराठी पुरेशी कानावर पडायला हवी आहे. तिथंही अडखळला, तर मात्र पुढच्या तपासण्या करायच्या.

शिकवणं कसं चालतं, ते जरा सविस्तर सांगतो. बाराखडी एका सुरात म्हणवून घेण्यावर आमचा भर नाही. ज्याला येत नाही तो मुलगा त्या सुरात बेमालूम लपतो. कितीतरी मुलांनी अख्खं पुस्तक पाठ केलेलं असतं. मधलाच शब्द झाकून विचारलं की गाडी थांबते. आम्ही आवाजापासून सुरुवात करतो. ताटात रवा पसरून अक्षर बोटानं गिरवायचं आणि गिरवतानाच त्याचा उच्चार करायचा. भ आणि म, घ आणि ध ही सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात कधीच आणत नाही. पहिली वेलांटी त्रास देते, कारण ती व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. 'र' तर त्याहून कठीण: प्रकाश, सूर्य, राष्ट्र, तऱ्हा, प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप वेगळं. एकेका रूपाला कित्येक आठवडे द्यावे लागतात, तेही रोज, एकेकट्या मुलाला घेऊन. आणि मिसरूड फुटलेल्या मुलापुढं 'कमळ, बदक' ठेवायचं नाही, त्याला त्याची लाज वाटते. त्याला क्रिकेटची बातमी द्या, एस.टी.चं वेळापत्रक द्या, कारखान्यातली सूचना द्या.

देणगीदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. वाढदिवसाला तुम्ही मुलांना गोड जेवण देता, वह्या देता, मुलांनाही आनंद होतो. पण आमचा खरा खर्च आहे शिक्षकांचा पगार. एका प्रशिक्षित शिक्षकाकडे मोजकीच मुलं असली तरच हे काम होतं, आणि पालक विडीच्या मजुरीतून फी देऊ शकत नाहीत. मुलांकडून पणत्या रंगवून घ्यायच्या, त्या विकायच्या आणि 'बिचारी किती छान करतात' म्हणायचं, एवढ्यावर कुठलीही संस्था थांबत असेल तर ती मुलांवर अन्याय करते आहे, असं मी स्पष्ट म्हणतो. ज्याला वाचायला शिकवता येतं, त्याला आपण माया देऊन निरक्षर ठेवायचं का?

इथं बसलेल्या मुख्याध्यापकांना शेवटचं. आमची मुलं कायम आमच्याकडे राहावीत असं आम्हाला वाटत नाही. काही तुमच्याच शाळेत परत येतील, काही सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसतील. बोर्डाच्या परीक्षेत त्यांना वाढीव वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळू शकतात, पण त्यासाठी लागणाऱ्या अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचं काम आठवी-नववीतच हाती घ्या, दहावीच्या दिवाळीनंतर धावाधाव करू नका. आणि परत आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात वर्गासमोर वाचायला उभं करू नका. आधी आमच्या बाईंना फोन करा. त्याला कुठला उतारा नीट वाचता येतो, हे त्या सांगतील. तोच उतारा त्याला द्या.