दोन मीटर ओलांडून निघालेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार. वयात येताना मुलगा ऐन भरात वर्षाला ९-१० सेंटिमीटर वाढतो. घरचे म्हणतात, ही टेस्टोस्टेरॉनची करामत. ते अर्धंच खरं आहे.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी उंची वाढवणारं ग्रोथ हॉर्मोन एकसारखं पाझरत नाही, झोताझोतानं सोडते. वयात येताना हे झोत मोठे होतात, आणि ते मोठे करतं मुख्यतः इस्ट्रोजेन. मुलग्यांमध्येही! त्यांच्या शरीरात एरोमाटेज नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनपासूनच इस्ट्रोजेन बनवतं. टेस्टोस्टेरॉनपासूनच बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनचं इस्ट्रोजेन होऊ शकत नाही, म्हणून ते दिलं तर झोत वाढत नाहीत. पुन्हा सांगतो, मुलग्यांतही पीयूषिकेला जागं करतं ते प्रामुख्यानं इस्ट्रोजेन. हॉर्मोनना ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ म्हणणं पाठ्यपुस्तकांतूनच जायला हवं.

आता तो माणूस. १९९४ साली वैद्यकीय नियतकालिकात त्याची हकीकत छापून आली. वय २८, उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतोच आहे. गुडघे आत वळलेले. दाढी-मिशा, आवाज, टेस्टोस्टेरॉन, सगळं व्यवस्थित. हाताचा एक्स-रे काढला, तर हाडांचं वय १५! वाढीच्या चकत्या, म्हणजे हाडांच्या टोकांशी जिथून हाड लांब होतं त्या जागा, उघड्या आणि हाडं ठिसूळ. रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होतं, पण ते ओळखणारा पेशींमधला ग्राहीच (रिसेप्टर) जनुकातल्या एका चुकीमुळे निकामी होता. सहा महिने त्वचेवर इस्ट्रोजेनच्या पट्ट्या लावल्या, काही फरक पडला नाही. कुलूपच मोडलेलं, किल्ल्या कितीही द्या.

पुढच्याच वर्षी दुसरा माणूस नोंदला गेला. वय २४, उंची तीच, २०४. याचं कुलूप शाबूत होतं. एरोमाटेज नसल्यानं किल्लीच बनत नव्हती. त्याला इस्ट्रोजेन दिलं आणि चकत्या मिटल्या, हाडं भरली. म्हणजे झोत मोठे करून उंची वाढवणारं आणि शेवटी चकत्या मिटवून ती थांबवणारं, दोन्ही इस्ट्रोजेनच.

उंची खुंटलेल्या आणि वयात न आलेल्या मोठ्या मुलांच्या ग्रोथ हॉर्मोनच्या चाचणीत याचा थेट उपयोग होतो. औषधानं पीयूषिकेला डिवचण्याआधीच्या दोन संध्याकाळी इस्ट्राडायॉल (हे एक इस्ट्रोजेनच) २ मिलिग्रॅम देतात, वजन २० किलोंखाली असेल तर १. मुलग्यांना काही डॉक्टर त्याऐवजी आठवडा-दहा दिवस आधी टेस्टोस्टेरॉनचं ५० ते १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. ही तयारी टाळली, तर उशिरा वयात येणाऱ्या निरोगी मुलाचाही आकडा कमी येतो आणि त्याला वर्षानुवर्षं विनाकारण ग्रोथ हॉर्मोनच्या सुया टोचल्या जातात. तेव्हा डॉक्टरांना विचारा, ‘आधी तयारी केली का?’ आणि सकाळी सहज काढलेल्या एका नमुन्यावर तर मुळीच विसंबू नका. दोन झोतांच्या मधे रक्त घेतलं, तर आकडा शून्याजवळच दिसणार.

ग्रोथ हॉर्मोन घेणाऱ्या स्त्रियांसाठीही एक गोष्ट. इस्ट्रोजेनची गोळी आतड्यातून थेट यकृतात पोचते आणि तिथे आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनच्या सांगण्यावरून बनणारं, त्याचं काम पुढे नेणारं हॉर्मोन) कमी बनतं, म्हणून ग्रोथ हॉर्मोनचा डोस जास्त लागतो. पट्टीनं तसं सहसा होत नाही. गोळी सोडून पट्टी सुरू केली, तर डोस कमी करावा लागेल का, हे आयजीएफ-१ तपासून डॉक्टरांकडून ठरवून घ्या.