एकच डबा सगळीकडे नको

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू दुचाकीला लागणाऱ्या ग्रीसबद्दल. पावसाळा सरला की माझ्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते: हँडल मधोमध अडकतंय. मी गाडी मेनस्टँडवर घेतो, मागून दाब देऊन पुढचं चाक उचलतो आणि दोन बोटांनी हँडल फिरवतो. बरोबर मधे आलं की ‘टक्’ करून थांबतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, उघडावा तर आत ग्रीस नावाला नसतं. छर्रे गंजलेल्या पाण्यात बसलेले आणि वाटीत प्रत्येक छर्ऱ्याखाली एकेक खळगा. सरळ रस्त्यावर हँडल सरळच असतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच जागेवर बसतो. असे खळगे पडल्यावर कितीही ग्रीस भरा, उपयोग नाही. कोनसेट बदलावाच लागतो.

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल, स्पंजात पाणी असावं तसं. हा साबण कोणता, ते बघून डबा घ्या. कॅल्शियमचं साधं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण शंभर अंशांच्या आसपासच पातळ होतं. सोडियमचं उष्णता सोसतं, पण पावसात धुऊन जातं. लिथियमचं दोन्हीकडे बऱ्यापैकी टिकतं, म्हणून कोनसेट आणि चाकाच्या बेअरिंगला तेच घ्या. डब्यावर एनएलजीआय 2 असा आकडा बघा. हा घट्टपणाचा नंबर आहे. रंगावर मात्र जाऊ नका. लाल, निळा, पिवळा हा नुसता रंग असतो, त्यावरून आतला साबण कळत नाही.

जुन्यावर नवं थापू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. दोन वेगळ्या जातींची ग्रीसं एकत्र आली की कधीकधी पातळ होऊन वाहून जातात. उघडं बेअरिंग रॉकेलने धुवा, पूर्ण सुकवा, मग भरा, तेही गच्च नाही. आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग पुरतो. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं बेअरिंग धुवायचंच नाही.

आता ब्रेक. इथे चूक जिवावर बेतते. शिकाऊ असताना मी मागच्या ड्रममधल्या कॅमला, म्हणजे ब्रेक दाबला की शू उघडणाऱ्या दांड्याला, भरपूर ग्रीस लावलं होतं, गाडी हलकी चालावी म्हणून. ड्रम तापला, ग्रीस वितळून लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या थरावर, गेलं आणि गल्लीच्या टोकाला ब्रेक लागेचना. समोर कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. तेव्हापासून कॅमला उष्णता सोसणारं ग्रीस, तेही नखाएवढं. डिस्क ब्रेकच्या कॅलिपर पिनेला, म्हणजे पॅड दाबणारा कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनेला, साधं ग्रीस अजिबात नको. तिथलं रबर फुगतं, पिन अडकते आणि पॅड एका बाजूने झिजतात. तिथे रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीसच हवं.

चेनला ग्रीस थापणारेही खूप आहेत. ते रोलरच्या आत जात नाही, वर धूळ मात्र धरतं आणि तीच धूळ चेन खाते. गाडी फिरवून आणल्यावर, इंजिन बंद करून, कोमट चेनच्या आतल्या बाजूने 90 नंबरचं गिअर ऑइल सोडा आणि वरचं पुसून घ्या.

आणि डब्याचं झाकण लावून ठेवा. वरचा थर धुळीने मळलेला दिसला, तर बोटभर काढून टाका आणि खालचं वापरा.